रेडिएटरमधलं पिठलं

आमच्या घरी मोटार होती असं मी सांगते तेव्हा माझी मुलं जरा आदरानं माझ्याकडं बघतात. तो आदर फार चढू नये म्हणून मी लगेच पुढचंही सांगून टाकते, की ती मोटार महिन्यातले वीस दिवस अंगणात उभी असायची आणि उरलेले दहा दिवस रस्त्यात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती गिरणीतल्या, मायदेशी निघालेल्या एका साहेबाकडून घेतली. कागद देताना साहेबानं अण्णांचा हात बराच वेळ दाबून धरला होता म्हणे. अण्णांना ते प्रेम वाटलं. आबा, माझे आजोबा, म्हणाले, "प्रेम कसलं, सुटल्याचा आनंद तो."

गाडीचा रेडिएटर, म्हणजे पुढच्या जाळीमागची पाण्याची टाकी, पहिल्या दिवसापासून गळत होता. आबा तिला कधी 'गाडी' म्हणालेच नाहीत. 'ती गळकी' म्हणायचे. "गळकीत बसून कुठं निघाला?" असं त्यांनी विचारलं की अण्णांचा चेहरा पडायचा. जाळीखाली कायम एक घमेलं ठेवलेलं असे. आईनं त्या पाण्यावर अंगणाच्या कडेला अळू लावलं होतं. आमच्या पेठेत तसलं तजेलदार अळू दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि गाडीनं घराला दिलेलं खात्रीचं उत्पन्न म्हणाल तर तेवढंच.

अण्णांचा सुताचा व्यापार. पुढं दुकान, मागं घर, मध्ये अंगण. भिंतीपलीकडं सायन्नांचे माग. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, तो विरायच्या आत मागांची खटखट सुरू व्हायची, आणि त्यातच आमच्या चुलीपुढं भाकरी थापल्याचा आवाज मिसळायचा. रविवारी माग बंद. मग ती शांतता भरून काढायला गावातले मोटारवाले आमच्या अंगणात जमायचे. मोटारवाले म्हणजे अण्णा धरून चौघं. गावात आणखीही मोटारी होत्या, पण त्या नीट चालत असल्यामुळं त्यांच्या मालकांना बोलायला काही नसायचं.

पहिले सायन्ना. उंच, काळेसावळे, घरात तेलुगू बोलणारे, स्वतःचे माग असलेले. त्यांच्या गाडीचं मेणकापडी टप फाटलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या मागावर नवं विणून घेतलं, तेही लाल काठाचं. गाडी पेठेतून जायला लागली की एखादी बाई लुगडं नेसून बसल्यासारखी दिसायची. दुसरे पारगावकर वकील. त्यांनी आपल्या गाडीला मोरपिशी रंग दिला, दिव्यांना पितळी कडी बसवली आणि चिंचेनं घासून ती इतकी लखलखीत ठेवली की समोरून येणारे बैल बुजायचे. दोन गाडीवान त्यांच्याकडं तक्रार घेऊन आले, तर वकिलांनी त्यांना बैलांच्या डोळ्यांना झापडं बांधायचा सल्ला दिला. तिसरे कासीमचाचा. त्यांची अक्कलकोटला उतारू नेणारी सर्व्हिस मोटार होती. मागचा भाग कापून त्यांनी समोरासमोर बाकं बसवली होती, बायकांसाठी पडदा लावला होता, आणि टपावर कोंबड्यांच्या खुराड्यासाठी वेगळी जाळी केली होती. चौघांत खरं कळत होतं ते त्यांना एकट्यालाच. म्हणूनच बहुधा त्यांचं कुणी ऐकायचं नाही.

आई शेंगाची पोळी करायची, नाहीतर चुरमुऱ्यांचा सुशीला. खाताखाता एकेकाचा अनुभव निघायचा. अण्णांचा ठरलेला अनुभव कडब्याचा. एकदा तुळजापूरच्या रस्त्यावर टायर फुटला, दुसरा नव्हता, तेव्हा त्यांनी टायरात ज्वारीचा कडबा ठासून भरला आणि गाडी हाकली.

"मग? पोचला का अण्णा?" सायन्ना दर वेळी नव्यानं विचारायचे.

"पोचलो तर! पण एका गावातली सगळी गुरं मागं लागली. मी थांबलो की ती थांबायची. शेवटी एका म्हशीनं टायरच चावला."

"हौ, और तुम म्हैस को हॉर्न बजाए होंगे," कासीमचाचा म्हणायचे. "वो हॉर्न तो म्हैस सरीकाच बोलता है."

मी तेव्हा तेरा वर्षांची. पोळ्यांची ताटली घेऊन मी जी अंगणात जायची ती बोलावणं येईपर्यंत परत यायची नाही. पेट्रोलची टाकी झिरपली तर कपड्याचा साबण चोळून बुजवावी, ब्रेकचं चामडं कोरडं पडलं तर एरंडेल लावावं, हे मला शाळेच्या कवितांपेक्षा चांगलं पाठ होतं. त्या ज्ञानाचा पुढच्या आयुष्यात मला काडीचा उपयोग झाला नाही. एकदाच झाला, आणि त्यानं आत्याची नोकरी हातची जायची वेळ आली. तेच सांगायला बसले आहे.

यमूआत्या अण्णांची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी परत आमच्या घरी. तेव्हापासून पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. हळदीकुंकवाला बायका आल्या की ती न सांगता आतल्या सुताच्या खोलीत जाऊन बसायची, आणि कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. मलाही नाही, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. त्या खोलीत बसून तिनं अण्णांची पुस्तकं वाचली, मग शाळेची वाचली, मग फायनलची, म्हणजे मराठी सातवीची, परीक्षा दिली. त्या वर्षी अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीहून पत्र आलं. तिथल्या मुलींच्या शाळेला बाई हव्या होत्या. कानडी येत असल्यास उत्तम. आमची आजी कानडी मुलखातली, त्यामुळं आत्याला कानडी येत होतं. सोमवारी बारा वाजता शाळेच्या पंचांपुढं उभं राहायचं होतं.

आबांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि निकाल दिला. "सर्व्हिस मोटारीत परक्या पुरुषांत बसून आपल्या घरची बाई जाणार नाही. दादा तुला त्या गळकीतून नेईल. बाराच्या आत पोचलात तर तुझं नशीब, कर नोकरी. नाही पोचलात तर पुन्हा या घरात नोकरीचा विषय नको."

आबांनी नाही म्हटलं असतं तर आत्यानं वाद घातला असता. त्यांनी हो म्हणून सगळा भार आमच्या रेडिएटरवर टाकला. तो काय चीज आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं!

आदल्या रविवारी अंगणात दुसरा विषयच नव्हता. गळती कशी थांबवायची? वकील म्हणाले, "हळद. बोट कापलं की आपण काय लावतो? हळद धरून ठेवते."

"बोट वेगळा, मोटार वेगळा," सायन्ना म्हणाले. "माझा ऐका. आमचा खळ घाला की. ताण्याला लावतो आमी. सुताचा एक एक तार आवळून धरतो तो, पाण्याला कसा सोडंल?"

"ये मोटर है सायन्नासेठ, साडी नक्को समझो," कासीमचाचा म्हणाले. "जवारी का आटा. एकच चमचा. भोक में जा के बैठता, पक के घट्ट होता. रोज करता हूँ मैं."

बराच वेळ भांडण झालं. शेवटी अण्णांनी कासीमचाचांच्या बाजूनं निकाल दिला. सगळ्यांदेखत एक चमचा पीठ रेडिएटरमध्ये गेलं आणि झाकण बसलं. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. तिच्या हातात मैंदर्गीचं पत्र होतं. घडी घालून घालून ते चिंधीसारखं मऊ झालं होतं. वकिलांनी तिच्याकडं पाहिलं, मग सायन्नांनी पाहिलं. नंतर जेवणं झाली. त्या दिवशी जो तो हात धुवायला एकेकटाच उठत होता आणि बराच वेळ लावत होता, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. पण मलाही माझं काम उरकायचं होतं, म्हणून मी फार विचार केला नाही.

माझं काम हे. शेजारच्या काकू बाळंत झाल्या होत्या, आणि आई त्यांना अळीव पाठवायची. त्यानं अंगातली झीज भरून येते, सांधे घट्ट होतात. मी फडताळातून मूठभर अळीव घेतले आणि झाकण उघडून रेडिएटरमध्ये सोडले. मुठीतले अळीव भिजले की पातेलंभर होतात, हे मी आईच्या स्वयंपाकघरात शंभर वेळा पाहिलं होतं. आठवलं मात्र नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. अण्णा गेले, आत्याही गेली. आता रागवायला कुणी उरलं नाही, म्हणून एवढा शूरपणा.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. अण्णा, आत्या, आणि आत्याला सोबत म्हणून मी. घमेलं कोरडं होतं! एक थेंब नाही. अण्णा इतके खूष झाले, की ओट्यावर बसलेल्या आबांना त्यांनी उगीचच दोनदा हॉर्न दिला. गाव मागं पडलं, ज्वारीची रानं लागली. आत्या मागं ताठ बसली होती. कडक इस्त्रीचं पांढरंशुभ्र लुगडं, मांडीवर हात, ओठांत काहीतरी पुटपुट. पंच काय विचारतील त्याची उत्तरं असावीत.

अर्ध्या वाटेवर मला वास आला. "अण्णा, कुठंतरी पिठलं शिजतंय."

"शेतात कुणाची तरी न्याहारी असेल," अण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात पुढून अशी वाफ आली की रस्ता दिसेना. गाडी दोन आचके देऊन थांबली. आम्ही तिघं उतरून पुढं गेलो. अण्णा झाकणाला लावायला फडकं शोधत होते, पण झाकणाला तेवढा धीर निघाला नाही. ते उडालं. आम्ही मागं पळालो. वर उंच एक पिवळा फवारा गेला, क्षणभर तिथंच थांबल्यासारखा वाटला आणि मग आमच्यावर पडला. वरून येईतो निवला होता म्हणून भाजलं नाही कुणाला.

अण्णांनी बॉनेटवरचा एक गोळा बोटावर घेतला आणि वैद्यानं नाडी बघावी तसा बघितला. "पिवळं म्हणजे हळद. वकील! हे चिकट, ही सायन्नांची खळ. पीठ... पीठ एका चमच्याचं नाही." मग जरा खाली बघून म्हणाले, "दोन मुठी मीही नंतर टाकलं होतं. म्हटलं, असू दे." त्यांनी पुन्हा बोटं चोळली. "आणि हे बुळबुळीत काय आहे?"

मी बाभळीवर बसलेल्या एका पाखराकडं एकटक बघत राहिले.

मग अण्णांचं लक्ष आत्याकडं गेलं, आणि ते गाडी विसरले. तिच्या पांढऱ्या लुगड्यावर खांद्यापासून काठापर्यंत हळद उडाली होती. गालावर, हातांवर, सगळीकडं. बारा वर्षं त्या अंगाला हळद लागली नव्हती. अण्णांनी पटकन मान फिरवली. आत्या स्वतःच्या हातांकडं बघत उभी होती, जणू ते दुसऱ्याच कुणाचे हात आहेत.

रस्त्याला लागूनच एक विहीर होती. बैल मोट ओढत होते, पलीकडं थोडी मेंढरं चरत होती. मोट हाकणारा म्हातारा बैल थांबवून आला, मागोमाग त्याची म्हातारी. म्हाताऱ्यानं गाडीत डोकावून बघितलं.

"मालक, मोटारीला बी पिठलं लागतं व्हय?"

"लागत नाही हो," अण्णा म्हणाले, "आमचं चुकलं."

"चुकलं तर चुकलं, पर लई शिजवलंय की."

म्हातारीनं आत्याला हाताला धरून पाटाशी नेलं. "ये बाई, धू. पांढरं लुगडं हाय, डाग राहील." तिनं कमरेच्या पिशवीतून कपड्याच्या साबणाचा तुकडा काढला आणि खांद्यावरचा मोठा डाग खसाखसा चोळला. हळदीला साबण लागला की काय होतं हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. पण गडबडीत तिघींपैकी कुणालाच सुचलं नाही. पिवळा डाग बघता बघता लाल झाला. कुंकू सांडल्यासारखा लालभडक.

म्हातारीनं हात मागं घेतला. तिनं आत्याच्या मोकळ्या कपाळाकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "अगं बया! हळद हुती, आता कुंकू बी झालं. पोरी, म्या काय केलं गं हे!"

आणि आत्या हसली. आधी नाकातून, मग मोठ्यानं, मग पाटाच्या कडेला बसून पोट धरधरून. मी तिला तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं हळदीच्याच हातानं पुसलं आणि कपाळही पिवळं करून घेतलं. म्हातारी बावरली, मग तीही हसायला लागली. अण्णा पान्हा हातात घेऊन लांब उभे होते. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

"यमे," ते म्हणाले, "आता राहू दे. अशा लुगड्यात तुला पंचांपुढं कसं उभं करू? माघारी जाऊ. आबांना मी सांगेन, गाडीनं दगा दिला."

"दादा, ऊन बघ. अजून वेळ आहे," आत्या उठली. "किटलीची चोच तुंबली तर वरून पाणी ओतून भागतं का? उलटी धरून धुवावी लागते. ही टाकी निघते का नाही?"

निघत होती. खाली दोन नट, वर-खाली रबरी नळ्या. अण्णांनी पान्हा चालवला, म्हाताऱ्यानं रेडिएटर खांद्यावर घेतला, आणि जिथं मोट रिकामी होते तिथं तो उलटा धरला. म्हातारीनं हाकलेले बैल उतारावरून निघाले, मोट वर आली, आणि एवढा थोरला लोंढा त्या जाळीतून गेला. पहिल्या मोटेला पिवळं आलं. दुसरीला चिकट पांढरं. तिसरीला माझे अळीव. मेंढरं येऊन पाटातलं चाटायला लागली, म्हाताऱ्याचं कुत्रंही आलं. आत्या पदर खोचून पाण्यात उभी होती आणि दर मोटेला जाळी उजेडाकडं धरून बघत होती. पाचव्या मोटेला पलीकडचं आभाळ दिसलं.

गाडी चालू झाली आणि अर्थातच पहिल्यासारखी गळायलाही लागली. म्हातारीनं तिची घागर दिली. मग आम्ही प्रत्येक विहिरीशी थांबत, पाणी भरत पुढं निघालो. उतरायचं, भरायचं, ओतायचं, ते सगळं आत्यानंच केलं. अक्कलकोट मागं पडलं तेव्हा अण्णांनी घड्याळ बघणं सोडून दिलं आणि नुसती गाडी हाकली.

शाळेच्या पडवीत तीन पंच बसले होते. मधले अध्यक्ष, पागोटंवाले म्हातारे व्यापारी. ते उठायच्या तयारीत होते. आमची गाडी वाफ सोडत दारात थांबली. भिंतीवरच्या घड्याळात बाराला थोडा अवकाश होता. आत्या उतरली. पायांना चिखल, केस ओले, लुगड्यावर पिवळं आणि लाल. डावीकडच्या पंचांनी अर्जाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"अर्जात तर विधवा म्हणून लिहिलंय बाई. आणि ही हळद? लग्नघरातनं आलात काय?"

मला वाटलं, आता ती मान खाली घालणार. तिनं सरळ सांगितलं. रेडिएटर, चौघांची चार औषधं, पिठलं, मोट, साबण. एक अक्षर लपवलं नाही. अण्णा दाराशी उभे होते. त्यांच्या दोन मुठींचाही उल्लेख झाला तेव्हा ते चुळबुळले. उजवीकडचे पंच हसू आवरायला खोकले. डावीकडचे मात्र हसले नाहीत. "शोभतं का हे, एवढंच म्हणतो मी," ते म्हणाले. "गावाची रीत आहे."

अध्यक्षांनी तिचा अर्ज हातात घेतला. मग म्हणाले, "आजवर तीन बायांनी या शाळेला पत्रानं होकार दिला. एकीला रस्ता वाईट वाटला, एकीला गाव लांब वाटलं, तिसरीचं कारणच कळलं नाही. तिघींची लुगडी स्वच्छ असतील. ती आपण बघितली नाहीत, कारण त्या आल्याच नाहीत. ही पिठल्यात न्हाऊन आली, पण आली." त्यांनी अर्ज उलटा केला. "बाई, कधीपासून येता?"

"आले आहेच की," आत्या म्हणाली.

अण्णा दारातून पुढं आले. "यमे, आज? तुझं सामान, आबांना काय..."

"आबांना सांग, बाराच्या आत पोचले. सामान मागनं पाठव."

अध्यक्ष म्हणाले, "राहायला आमच्या घराशेजारी खोली आहे. माझी सून सोबतीला राहील." आणि ते खरंच उठले. त्यांना जेवायला उशीर झाला होता.

वर्गात एकच मुलगी होती, तीही शिपायाची. बाकीच्या पटावर होत्या, बाकावर नव्हत्या. आत्या तिच्यापुढं उकिडवी बसली. "बारव्वा, निन्न हेसरेन?" ये गं, तुझं नाव काय? पोरीनं नाव सांगितलं नाही. तिनं बोट लावून लुगड्यावरचा लाल डाग चाचपून बघितला. आत्यानं तिला बघू दिलं. मग विचारलं, "बाकीच्या कुठं राहतात, दाखवतेस?"

आम्ही निघायचं म्हणून गाडीत बसलो होतो. अण्णांनी गाडी चालू केली, पण परतीच्या रस्त्याला लावली नाही. पोरीचा हात धरून आत्या बाजारपेठेतून चालली होती, आणि अण्णा बैलगाडीच्या चालीनं तिच्या मागं मागं. पहिल्या दाराशी ती थांबली, कडी वाजवली. एक बाई बाहेर आली. आधी तिची नजर लुगड्यावर, मग कपाळावर. आत्या काय बोलली ते ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं त्या दारातून वेणी अर्धवट घातलेली एक मुलगी बाहेर आली. दुसरं दार उघडलं नाही. तिसऱ्यातून दोघी आल्या.

मग गल्ली अरुंद झाली. गाडी पुढं जाईना. अण्णांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. आत्यानं मागं वळून बघितलंच नाही. तिच्या मागं आता पाच मुली होत्या, आणि ती सहाव्या दाराची कडी वाजवत होती.